शनिवारचा सामना

आमच्या गिरणीतले टपाल कारकून होटगीपलीकडं कधी गेले नव्हते, पण विलायतेतल्या पगारी रग्बीचा त्या हंगामातला एकही सामना त्यांनी चुकवला नाही. विणाई खात्याच्या गोऱ्या साहेबाला त्याच्या गावची वर्तमानपत्रं बोटीनं चार-चार एकदम यायची. त्याची वाचून झाली की कारकून ती कुलपात ठेवत आणि दर शनिवारी भोंगा झाल्यावर एकच काढून आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवत. "तेरा-तेरा गडी, चेंडू बगलेत. हुतुतूच की वो," म्हणत टेबलाला खांद्यानं धडक देत.

अंतिम सामन्याचा निकाल साहेब सांगू लागला, तेव्हा त्यांनी दोन्ही कानांत बोटं घातली.

"शनवारी, सायेब."

शनिवारी साहेब आमच्या बाकावर येऊन बसला. वाचन शेवटच्या मिनिटाला आलं, तेव्हा सगळ्यांच्या आधी तोच उभा राहिला.