बायबलबाईंचा विस्तव

माझ्या आत्याच्या चुलीतला विस्तव कधी विझत नसे. जुन्नरच्या मिशनच्या आवारात ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती, कारण ती स्वतःच ती सगळ्यांना सांगत असे. रात्रीच्या भाकरी झाल्या की उरलेले निखारे ती राखेखाली अशा काही बेताने झाकायची, की पहाटे वरची राख फुंकली की खाली लालबुंद विस्तव तयार. काडेपेटी घरात होती, पण ती कंदिलापुरती. "काडेपेटी ही आळशी बायकांची सोय आहे," असं ती म्हणे, आणि म्हणताना हमखास शेजारच्या सगुणाबाईच्या दाराकडे बघे.

आवारात तिला सगळे बायबलबाई म्हणत. गावोगाव हिंडून बायकांना येशूचं शुभवर्तमान सांगायचं, हे तिचं मिशनच्या पगाराचं काम. पांढरं लुगडं, खांद्याला कापडी पिशवी आणि पायांत पुरुषी वहाणा, अशा थाटात ती नारायणगावच्या बाजाराला आणि राजुरीच्या मळ्यांतून चालत जायची. एस.टी. सुरू झाली तेव्हा मी म्हटलं, "आत्या, आता तरी पायांना विश्रांती दे." तर म्हणाली, "खिडकीतून शुभवर्तमान सांगता येत नाही." ती लवकर विधवा झाली होती, मूलबाळ नव्हतं. माझी आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, शिकवलं आणि मिशनच्या शाळेत मास्तरीण केलं.

तिची सगळी शिकवण त्या चुलीतून आलेली होती. "तारण, म्हणजे पापातून सुटका, मिळणं सोपं आहे," ती मुलांना सांगायची. "शेजारणीकडून विस्तव मिळावा तसं ते फुकट मिळतं. राखणं कठीण. रात्री नीट झाकला नाही, की सकाळी चूल थंड." व्यासपीठावरून कोणी पाहुणा उपदेशक सांगून गेला, की देवाने एकदा धरलेला हात तो सोडत नाही, तर बाई त्याला उपासनेनंतर व्हरांड्यात गाठायची. "देवाची पकड घट्टच आहे, साहेब. पण माणूस बाही सोडवून पळतो, त्याचं काय?" उपदेशक हसून वेळ मारून नेत. ती हसत नसे.

तिचं हे बोलणं नुसतं बोलणं नव्हतं, हे सगुणाबाईला चांगलं ठाऊक होतं. तिचा धाकटा पोरगा तापाने फणफणला, तेव्हा तिने त्याला गुपचूप देवऋष्याकडे नेलं आणि गळ्यात काळा दोरा बांधून आणला. पोरगा उठला, पण दोरा बायबलबाईंच्या नजरेतून सुटला नाही. ती तडक मंडळीच्या वडिलांकडे, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यांकडे गेली आणि सगुणाबाईला वर्षभर प्रभुभोजनापासून दूर ठेवण्यात आलं. सगळे पुढे जाऊन भाकर आणि द्राक्षरस घेत, आणि ती मागच्या बाकावर पदर तोंडाला लावून बसलेली असे.

गंमत अशी, की त्याच वर्षी ती रोज सकाळी हातात गोवरीचा तुकडा घेऊन आमच्या दारात उभी राही. तिची चूल रोज विझलेली. "आज पण?" म्हणून आत्या तोंडाचा पट्टा सुरू करायची, आणि तो चालू असतानाच गोवरीवर चांगला फुललेला निखारा ठेवायची. तिने तिला एकदाही रिकाम्या हाताने परत पाठवलं नाही. मी दोन्ही गोष्टी पाहत होते, आणि त्यांत काही विसंगत आहे असं मला कधी वाटलं नाही.

आत्याचं लहानपण मला माझ्या वडिलांकडून कळलं. ते तिचे धाकटे भाऊ. त्यांचा बाप आणे गावच्या पठारावरचा वाघ्या होता. खंडोबाची गाणी म्हणत, कपाळाला भंडारा लावत तो दारोदार फिरायचा, आणि लेक झांज घेऊन त्याच्या मागे असायची. मोठ्या दुष्काळात तो दोन्ही लेकरांना घेऊन जुन्नरला आला. मिशनच्या फाटकापाशी त्यांना बसवलं, "हितंच ऱ्हावा, आलोच म्या," म्हणाला आणि गेला तो गेलाच. माझे वडील लहान होते, ते भाकरीच्या वासाने आत गेले. आत्या जाईना. आप्पा इथंच थांबायला सांगून गेलाय, एवढंच तिचं म्हणणं. शेवटी मिशन चालवणाऱ्या मडमसाहेबांनी तिला उचलून आत नेलं, तेव्हा ती त्यांच्या हाताला कडकडून चावली.

आत्या स्वतः यातलं अक्षर बोलत नसे. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "तो अंधारात गेला. त्याच्यासाठी कोणी दिवा लावला नव्हता." आणि पिशवी उचलून बाहेर पडली.

मग तिचं विसरणं सुरू झालं. आधी वचनं गेली. अर्ध्यात थांबून ती माझ्याकडे बघायची आणि मी पुढचं सांगायची. नंतर रस्ते गेले. राजुरीहून एका गाडीवानाने तिला बैलगाडीतून आणून सोडलं. "म्हातारी वढ्याकाठी बसली व्हती. मिशनची हाय म्हून वळाखली," असं म्हणून त्याने पाणीसुद्धा घेतलं नाही. मग मडमसाहेबांनी घोटून घेतलेली शुद्ध भाषा गेली आणि तिच्या तोंडी पठारावरचं 'व्हतं' आणि 'न्हाई' आलं. एका सकाळी मी उठून पाहते, तर ती चुलीपुढे बसून फुंकतेय. राख तिच्या केसांत, पापण्यांवर बसली होती. खाली काहीच नव्हतं. "इझला गं," ती म्हणाली, आणि लहान पोरीसारखी रडली. मी काडी ओढून चूल पेटवली.

थोड्याच दिवसांत ती गाऊ लागली. सगळी गाणी बापाची, खंडोबाची. इतकी वर्षं ती कुठे दडून बसली होती कोण जाणे. स्वयंपाकघरातली हळद घेऊन ती दिसेल त्याच्या कपाळाला लावायची आणि "येळकोट येळकोट!" म्हणायची. चर्चचे पाळकसाहेब तिच्यासाठी प्रार्थना करायला आले. तिच्याच हाताखाली शिकलेले. ती त्यांना भर मंडळीत नुसतं 'शिमोन' म्हणायची. त्यांनी डोळे मिटले तसा तिने त्यांच्या कपाळभर भंडारा फासला आणि विचारलं, "कुठलं पावणं म्हनायचं तुमी?" मला हसू फुटलं. पण त्यांनी डोळे उघडले आणि त्यांचा चेहरा पाहून माझं हसू जागच्या जागी मेलं.

पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी मी तिला हाताला धरून पुढे नेलं. आमच्याकडे भाकर म्हणून गव्हाची पोळी मोडत. तिने सवयीने दोन्ही तळवे पुढे केले. ते हळदीने पिवळे झाले होते. पाळकसाहेब थांबले. मग ताट घेऊन ते पुढच्या माणसाकडे वळले. आत्या तळवे पसरून तशीच उभी राहिली.

उपासनेनंतर मी त्यांना दारात अडवलं. "एवढासा तुकडा, साहेब. तिला काही कळत नाही."

"तुम्हाला वाटतं मला द्यावंसं वाटत नव्हतं?" ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "तोंडात खंडोबाचं नाव असलेल्याच्या हातावर प्रभूचं शरीर कसं ठेवू? मला हे कोणी शिकवलं? आज बाई शुद्धीवर असत्या, तर त्यांनीच माझा हात अडवला असता."

ते खरं होतं, आणि म्हणूनच ते मला सहन झालं नाही. जगातल्या कोणाच्याही शिकवणीने आत्याचं तारण वाचलं असतं, फक्त तिच्या स्वतःच्या शिकवणीने नाही. जन्मभर निखारा झाकला आणि शेवटी हातच विसरले, तर दोष कोणाचा? मी देवाला रागाने विचारत राहिले. माझ्याच्याने नीट प्रार्थना होईना.

त्यानंतरच्या प्रभुभोजनाला मी गेलेच नाही. आत्या उंबऱ्यात बसली होती. आताशा ती दिवसभर तिथेच बसून आवाराच्या फाटकाकडे बघायची आणि विचारायची, "आप्पा आला का?" उपासना सुटली तशी सगुणाबाई लगबगीने आली. मूठ पदराखाली झाकलेली. आत्यापुढे बसून तिने मूठ उघडली. तिच्या वाटणीच्या पोळीचा अर्धा तुकडा होता.

"सगुणाबाई, हे चालतं का?" मी विचारलं.

"चालतं का न्हाई त्ये मला काय ठावं, बाई? माजी चूल रोज इझायची. हिनं लई बोल लावलं, पर इस्तू दिला. आता हिची इझली. मंग शेजार कशाला अस्तो?" ती आत्याकडे वळली. "घे बाय. खा."

आत्याने तुकडा घेतला. नाकाशी नेला, वास घेतला. मग इकडेतिकडे पाहून तो पदराच्या टोकाला ठेवला आणि त्यावर गाठ मारली.

"आगं, खा की!"

"न्हाई. आप्पाला ठिवते. त्यो उपाशीच गेलाय."

सगुणाबाई तिथेच उंबऱ्यावर डोकं टेकून रडली. बापाबद्दल जिने जन्मात 'तो अंधारात गेला' एवढंच म्हटलं होतं, तिने त्याचा वाटा काढून ठेवला होता.

नाताळच्या आधी आत्या गेली. ती गाठ तिने अखेरपर्यंत कोणाला सोडू दिली नाही. आवारात कुजबुज सुरू झाली होती, की हिला मंडळीच्या दफनभूमीत जागा द्यावी की कसं. बायका तिला आंघोळ घालायला बसल्या, तेव्हा पाळकसाहेब दाराशी आले. कोणीतरी लुगडं बदलायला म्हणून गाठीला हात घातला, तशी सगुणाबाई ओरडली, "ऱ्हाऊ दे! त्यो तिच्या आप्पाचा वाटा हाय." पाळकसाहेबांनी विचारलं, कसला वाटा? तिने न घाबरता सगळं सांगितलं. मला वाटलं, आता हिचं प्रभुभोजन पुन्हा वर्षभर बंद होणार.

पाळकसाहेबांनी त्या गाठीकडे पाहिलं. मग म्हणाले, "पदराचं टोक कापून तिच्या मुठीत द्या." आणि वडील मंडळींना न विचारता त्यांनी स्वतः शवपेटीला खांदा दिला. दफनभूमीत पुनरुत्थानाच्या आशेचे शब्द आले, तिथे त्यांचा आवाज गेला. ते शब्द सगुणाबाईच्या पोराने, गळ्यात दोरा बांधलेल्या त्याच पोराने, पुरे केले. त्यालाही ते आत्यानेच पाठ करून घेतले होते.

पुढे कितीतरी दिवसांनी पाळकसाहेबांनी मला विचारलं, "बाई पोचल्या असतील ना हो?" त्यांना माझ्याकडून काय ऐकायचं होतं ते मला कळत होतं.

प्रभूने तिला सोडलं असेल, असं मला वाटत नाही. इतक्या वर्षांत एकदाही वाटलं नाही. माझी भीती वेगळी आहे. फाटक सताड उघडं असेल, आतून भाकरीचा वास येत असेल, कोणी प्रेमाने हाका मारत असेल, आणि माझी आत्या बाहेर मुठीत ती गाठ धरून बसली असेल. आप्पा आल्याशिवाय ती आत जायची नाही. कोणीतरी तिला उचलूनच न्यायला हवं. ती चावेल, पण न्यायला हवं.