अप्पांना न दिसलेला समुद्र

पाण्यात उतरण्याआधी अप्पा उजव्या हाताचा पालथा पंजा पाण्यावर ठेवायचे. तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा. मग म्हणायचे, "पाण्याला भ्यायचं न्हाई. पाण्याला इचारायचं." विचारून झालं की धप्पकन उडी. बराच वेळ वरच यायचे नाहीत. काठावरच्या नवख्याचा जीव कासावीस व्हायचा आणि भलत्याच कोपऱ्यातून आवाज यायचा, "हाव, इकडं हाय मी!"

अहमदपूरच्या पोस्टात आमची टेबलं शेजारी-शेजारी होती. अप्पा निवृत्तीला आलेले. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग, पायात कायम एक नंबर मोठी चप्पल. गावाबाहेर त्यांचं शेत, शेतात दगडी पायऱ्यांची विहीर. पाठीला डबा बांधून त्यांनी तिथं वकिलापासून बांगड्यांच्या दुकानदारापर्यंत कितीतरी जणांना पोहायला शिकवलं. मी तेवढा राहिलो. मला पाण्याची भीती. "तू कोरडाच जाणार बघ," असं चिडवायचे, पण त्यांनी मला कधी ढकललं नाही.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष तुम्हाला आठवत असेल. आमच्याकडे टँकर यायचा. पोस्टात मात्र वाद चालायचा तो नव्या जिल्ह्याचा. उदगीर जिल्हा होणार म्हणे, मग आपला तालुका तिकडं की इकडं? अप्पा शिक्का मारता मारता म्हणायचे, "जिल्हा नवा करतील रे. पाणी कुठलं आणतील?"

त्याच उन्हाळ्यात त्यांची विहीर आटली. एका रविवारी मला घेऊन गेले. आम्ही पायऱ्या उतरून थेट तळाला गेलो. भेगाळलेला गाळ, एक फुटकी घागर, कुणाचा तरी चांदीचा पैंजण. अप्पांनी काही उचललं नाही. लगेच वर आले आणि धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत म्हणाले, "बघायला नको होतं. आईला उघडं बघितल्यावानी झालं."

त्यानंतर त्यांनी अंदमानचं मनावर घेतलं. आम्हा केंद्राच्या नोकरांना प्रवासाची सवलत असते. इतकी वर्षं अप्पांनी ती घेतलीच नव्हती. तिथं पाठीला हवेची टाकी लावून माणसाला समुद्राच्या तळाशी नेतात, हे त्यांनी कुठंतरी ऐकलं. "टाकी घेऊन? म्हणजे श्वासासाठी वर यायलाच नको?" हे त्यांनी मला दिवसातून दोनदा तरी विचारलं असेल. गळ्यातलं लिंग काढायला लावतील का, ही एक काळजी होती. मठात जाऊन स्वामींना विचारून आले. स्वामी म्हणाले, घट्ट बांधा आणि जा.

काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हे पटत नव्हतं. "लोकं घागरी घेऊन उभे हायेत, आन् हे पाण्यात खेळायला निघाले." पण त्याही आल्या. मी आणि माझी बायको सोबतीला. बेटावर उतरल्यावर काकूंनी सगळ्यात आधी समुद्राचं पाणी जिभेला लावलं आणि थुंकून टाकलं. "एवढं पाणी! आन् एक घोट कामाचा न्हाई."

एका लहान बेटावर हरणं माणसांच्या हातून खात होती. झाडाझाडांवर पोपट. अप्पांचं कशातच लक्ष नव्हतं. होडीतून जाताना कासवानं पाण्याबाहेर डोकं काढलं. सगळ्यांनी आरडाओरडा केला तसं ते बुडालं. बाकीचे गप्पांना लागले. अप्पा किनाऱ्याला लागेपर्यंत त्याच जागेकडे मान वळवून बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाक्यांच्या दुकानात गेलो. आत एक डॉक्टर होता. त्यानं अप्पांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा बघितला आणि त्यांना पंख्याखाली बसायला सांगितलं. थोड्या वेळानं पुन्हा पट्टा. रक्तदाब आणखी चढलेला. खाली नेणारी मुलगी मणिपूरकडची होती. गुडघ्यावर बसून ती अप्पांना समजावू लागली, "अंकल, आप नहीं जा सकते."

"मेरेकू पानी नवा नहीं है बेटा. मैं लोगां को तैरना सिखाया."

"तैरने की बात नहीं है, अंकल. नीचे कुछ हो गया तो?"

अप्पा तिच्याकडे बघत राहिले. आवाज चढवला नाही. सगळ्यांच्या पत्रांचे पत्ते बिनचूक वाचणारा हा माणूस, आपल्याशी कुठल्या भाषेत बोलताहेत हेच कळत नसल्यासारखा बसला होता. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू जा."

"अप्पा, मला पोहता येत नाही."

मुलगी हसली. पोहता यायची गरज नाही, म्हणाली, मी हात धरते.

आणि मी गेलो. भरल्या विहिरीच्या तिसऱ्या पायरीखाली कधी न उतरलेला मी, त्या मुलीचा हात घट्ट आवळून समुद्राच्या तळाशी गेलो.

वर आलो तेव्हा अप्पा धोतर खोचून कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. हातात माझा टॉवेल.

"काय दिसलं?"

"मासे. निळे, पिवळे."

"निळे म्हंजे कसे?"

मला सांगता येईना. मोरपिसासारखे म्हणालो, ते बरोबर नव्हतं. शाईसारखे म्हणालो, तेही नाही. अप्पा वाट बघत होते.

"आवाज?"

"आवाज काहीच नाही, अप्पा. आपल्याच श्वासाचा."

त्यांनी हळूहळू मान हलवली. "ते ठावं हाय मला."

मग मी पोवळ्यांचं सांगितलं. खाली झुडपांसारखी पसरलेली असतात, पण बरीचशी हाडासारखी पांढरी पडली होती. समुद्र फार तापला म्हणून मरताहेत, असं मुलगी म्हणाली.

"पाण्यात असून?"

"हो."

अप्पांनी टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला. "आपल्याकडं पाणी न्हाई म्हणून वाळलं. हितं पाण्यात राहून वाळलं. मंग करावं काय कुणी?"

आम्ही दोघं बाहेर येऊन तसेच ओल्या वाळूत बसून राहिलो, काकू जेवायला हाका मारीपर्यंत.

परतल्यावर त्यांना गोळ्या सुरू झाल्या. पुढं पाऊस झाला, विहीर भरली, पण मुलांनी उतरू दिलं नाही. निवृत्तीनंतर मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. फोन यायचा. "हितं सोसायटीत तलाव हाय. निळाशार. आत दवाई टाकतात. मला कडंला बसवतात." फोन ठेवण्याआधी विचारायचे, "ते मासे आठवतात का तुला?" मी आठवतात म्हणायचो. एकदा पुन्हा सांगायचा प्रयत्न केला. "ऱ्हाऊ दे," म्हणाले, "तुला न्हाई जमायचं." आणि हसले.

गेल्या श्रावणात ते झोपेतच गेले. त्यांना गावी आणलं. त्यांच्यात माणसाला बसवून माती देतात. शेतात, विहिरीच्या वरच्या अंगाला खड्डा खणायला घेतला. त्या वर्षी पाऊस उदंड. छातीएवढं खोल गेल्यावर खालून पाणी झिरपायला लागलं. बादलीनं उपसलं, पुन्हा आलं. खणणारे थांबले. मुलगा सगळ्यांच्या तोंडाकडे बघू लागला. दुसरीकडं खणावं, तर दिवस कलायला आलेला.

काकू बायकांमधून उठून काठापर्यंत आल्या. वाकून खड्ड्यात बघितलं. तळाशी घोट्याएवढं गढूळ पाणी होतं आणि बादलीवाला पुन्हा खाली वाकला होता.

"लई उपसू नका," त्या म्हणाल्या.