उपासकरी बाई बंगलोरला जाते

साताऱ्याहून निघताना सासूबाई शेजारणीला अभिमानानं सांगत होत्या, "आमची सून प्रवासात अन्नाला शिवत नाही, इतकं कडक सोवळं!" सोवळं कसलं डोंबलाचं! धाकट्याच्या बाळंतपणात अंग फाटलं, ते नीट सांधलंच नाही. परसाकडची कळ थोपवणं माझ्या हातात उरलं नव्हतं. पोट रिकामं असलं की भीती कमी, म्हणून अकरा वर्षं मी उपास करत होते आणि बायका माझ्या पाया पडत होत्या.

बंगलोरला उतरले ती धाकट्या बहिणीकडे, मालूकडे. तिचे यजमान सरकारी कारखान्यात इंजिनिअर. भर चैत्रात तिथं संध्याकाळी अंगभर पदर ओढून घ्यावासा वाटे. रस्त्यांवर जांभळ्या फुलांचा सडा पडलेला. माझे डोळे मात्र आधी आडोसा शोधायचे.

तिसऱ्या दिवशी मालूनं चिकपेटला साड्या घ्यायला नेलं. दुकान तिथल्या एका जुन्या मराठी कुटुंबाचं, वरच बिऱ्हाड. सत्तरीच्या मालकीणबाईंना सगळे अक्का (थोरली बहीण) म्हणत. त्यांनी आग्रहानं पानावर बसवलं. "स्वल्प (थोडं) तरी घ्या की हो."

"उपास आहे."

"परवा सोमवार, काल मंगळवार, आज बुधवार!" मालू वैतागली. "देव तरी किती गं तुझे?"

अक्का हसल्या नाहीत. आल्या आल्या मी संडास कुठे ते विचारलं होतं, ते त्यांनी हेरलं असावं. मला आतल्या खोलीत नेऊन त्यांनी दार लावलं. "किती वर्षं झाली बाळंतपणाला? आमच्या थोरल्या सुनेचं अस्संच होतं. तीही उपासच करायची."

मी ढसाढसा रडले.

अक्कांच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "आतला स्नायू फाटलाय. शिवता येईल. पण अगदी पहिल्यासारखं होईल, असं मी म्हणणार नाही."

चार दिवसांची पाहुणी दोन महिने राहिले. टाके, मऊ भात, मग अंग आकसून धरायचा व्यायाम. आता बरंचसं थांबतं. पोट बिघडलं की अजून तारांबळ उडते. पण लालबागेत दोन तास हिंडले आणि वाटेत मसाला डोसा खाल्ला. काय आनंद झाला म्हणून सांगू!

परतताना गाडीत स्वतःचाच राग येत होता. एवढं बोलायला मला अकरा वर्षं आणि परका मुलूख लागला! घरी पत्रातून 'पोटाचं ऑपरेशन' एवढंच कळवलं होतं. स्टेशनवर हे घ्यायला आले. टांग्यात मी यांना सगळं सांगितलं, काहीही न झाकता.

हे हळूच म्हणाले, "तू जवळ यायचंच सोडलंस. मला वाटलं, तुला माझी किळस येते."