डाव्या हाताचा घास

ह्यांना अर्धांगाचा झटका येऊन वर्ष उलटून गेलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. पाय बराच सावरला होता. काठी घेऊन मलकपेठेतल्या आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत ते जाऊन येत. उजवा हात मात्र मांडीवर नुसता पडून असे, आणि बोलणं अडकलं होतं. समजत सगळं होतं. पेपर वाचत, बातम्या ऐकून कपाळाला आठ्या घालत, पण शब्द जिभेवर यायचे नाहीत. 'पाणी' म्हणायला जात आणि तोंडातून 'पंखा' येई, मग स्वतःवरच चिडत. उभी हयात कोर्टात बोलण्यावर घर चालवलेला माणूस. त्याचं काय होत असेल ते मला दिसत होतं.

गंमत अशी, की मराठी अडली तरी इथली दखनी उर्दू पुरती अडली नव्हती. 'हौ' म्हणजे हो, आणि 'नक्को', हे दोन शब्द दवाखान्यातच परत आले होते. ह्यांचं लहानपण गोदावरीकाठच्या खेड्यात गेलं, पण वकिली सगळी हैदराबादची. पक्षकारांशी, मुन्शींशी, कोर्टाबाहेरच्या चहावाल्याशी दिवसभर दखनीच चालायची. तारनाक्याला स्पीच थेरपीच्या बाई आहेत, त्यांनी मला सांगितलं होतं की जी भाषा येतेय ती येऊ द्या, मराठीत बोला म्हणून मागे लागू नका. मी ते पाळलं.

बाहेर जेवायला जाणं मात्र आम्ही सोडून दिलं होतं. हॉटेलात गेलं की वेटर ह्यांच्यासमोर वही घेऊन उभा राही. हे मेन्यूकार्डावर बोट फिरवत, शब्द शोधत. वेटर जरा वेळ थांबे आणि मग माझ्याकडे वळून विचारी, "सर क्या लेंगे?" सर समोर बसलेले असताना. एकदा नात्यातल्या लग्नात हे डाव्या हाताने जेवत होते, तर समोरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी ताटाकडे असं काही पाहिलं, की ह्यांनी तिथेच हात थांबवला. त्यानंतर घराबाहेर चार माणसांत त्यांनी घास तोंडात घातला नव्हता.

अशात माझा वाढदिवस आला. आमची लेक शहराच्या पश्चिमेला, आयटीवाल्या भागात राहते, तिथेच नोकरी करते. तिने फोन करून सांगितलं की या वेळी मी तुला जपानी जेवायला नेणार.

"ओमाकासे म्हणतात त्याला आई. छोटीशी जागा असते. मेन्यू नाही, ऑर्डर नाही. सगळं शेफवर सोडायचं. तो समोर एकेक बनवून देतो, आपण खायचं. बाबांना तेवढा वेळ मावशीकडे ठेवू."

मला त्यातलं एकच ऐकू आलं. तिथे ऑर्डर द्यावी लागत नाही.

"हे येतील," मी म्हटलं. "मावशीकडे नाही, आपल्याबरोबर."

लेकीला ते पटेना. कच्चा मासा, भाताचे घट्ट गोळे, बाबांना गिळायला त्रास झाला तर, लोक बघत राहिले तर, असं बरंच काही ती म्हणाली. तिचं चुकत नव्हतं. पण मी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली बाई आहे. वात्रट पोरांची सहल काढायची असली की आधी चौकशी करायची आणि मग कोणाचं ऐकायचं नाही, ही माझी जुनी रीत. डॉक्टरांना विचारलं, थेरपीच्या बाईंना विचारलं. गिळणं आता नीट आहे, लहान घास घ्या, सावकाश खा, एवढंच दोघांनी सांगितलं. लेकीने हॉटेलात तसं कळवून ठेवलं.

राहिले हे स्वतः. संध्याकाळी चहा देताना मी विषय काढला. लगेच म्हणाले, "नक्को."

"अहो, ऐका तरी. तिथे काय खाणार म्हणून कोणी विचारत नाही. पंगतीला बसतो तसं बसायचं. वाढणारा वाढतो, आपण जेवतो. झालं."

त्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिले.

"हौ?"

"हौ," मी म्हटलं.

पोचलो तेव्हा अजून उजेड होता. आत लांबलचक लाकडी ओटा, त्याच्या एका बाजूला आम्ही जेवणारे, दुसऱ्या बाजूला तो शेफ. मोजक्याच खुर्च्या. एक तरुण जोडपं होतं आणि कुठल्याशा कंपनीतले तिघं-चौघं. शेफ जपानी, पन्नाशीचा, कपाळावर पांढरी पट्टी बांधलेला. इंग्रजी तुटक बोलायचा, आणि इथे राहून चार-दोन हिंदी शब्द उचललेले. ह्यांना मधे बसवून आम्ही मायलेकी दोन बाजूंना बसलो.

सुरुवात सोपी होती. झाकणाच्या छोट्या पेल्यात वाफवलेलं अंडं आलं, खरवसासारखं मऊ, बरोबर चमचा. ह्यांनी ते डाव्या हाताने जपून खाल्लं. मग आमच्यासमोर काळ्या दगडाच्या थाळ्या आल्या आणि शेफने भाताचा बोटभर घास वळून, वर माशाची चकती ठेवून, प्रत्येकाच्या थाळीत एकेक ठेवला. बाजूला जेवायच्या काड्या होत्या. ह्यांनी काड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि डावा हात हळूच ओट्याखाली घेतला.

लेकीने लगेच काटा मागवण्यासाठी हात वर केला. शेफने नकारार्थी मान हलवली. स्वतःची बोटं जुळवून, घास उचलून तोंडात घातल्यासारखं करून दाखवलं आणि ह्यांच्याकडे बघत म्हणाला, "हाथ से. हाथ से अच्छा."

तरी हात वर येईना. मी माझा घास उचलला आणि खाल्ला. भात कोमट, किंचित आंबूस, वरचा मासा गार. मी उभ्या जन्मात कच्चा मासा खाल्ला नव्हता. आमच्याकडे मासा म्हणजे बेगम बाजारातून आणलेल्या मसाल्यात बुडालेला. पण हा आवडला मला, आणि तसं मी मोठ्याने सांगितलंही. तेवढ्यात बाजूला बघते तर ह्यांची थाळी रिकामी. डावा हात कधी वर आला आणि कधी परत गेला, मला कळलंही नव्हतं.

दुसरा घास आला तेव्हा मला एक गोष्ट दिसली. शेफ माझ्या थाळीत घास तिरका ठेवत होता, असा की उजव्या हाताची बोटं सरळ त्यावर पडावीत. लेकीचाही तसाच. ह्यांच्या थाळीतला मात्र उलट्या बाजूला कललेला होता, डाव्या हातासाठी. आणि आमच्याहून लहान वळलेला. शेफ कोणालाच काही बोलला नव्हता. तो पुढचा मासा कापण्यात गुंतला होता.

ह्यांच्याही ते लक्षात आलं. स्वतःची थाळी पाहिली, माझी पाहिली, मग बराच वेळ शेफच्या हातांकडे बघत राहिले. नंतर डावा हात वर घेतला आणि ओट्यावर उघड ठेवला. तो संपूर्ण जेवण होईपर्यंत तिथेच होता. मी लेकीला खुणेने थाळ्या दाखवल्या. ती फोनवर फोटो काढत होती. तिने फोन पालथा करून ठेवला तो पुन्हा उचलला नाही.

असे बरेच घास झाले, कधी लाल माशाचा, कधी पांढऱ्या, एक चमकत्या सालीचा. मग शेफने समुद्री शेवाळाच्या पट्टीत गुंडाळलेलं काहीतरी नारिंगी, लोण्यासारखं ठेवलं. सगळ्या ओट्यावर कुजबुज झाली. लेक म्हणाली की हे सगळ्यांत खास असतं, लोक याच्यासाठीच येतात. ह्यांनी ते उचललं, नाकाजवळ नेलं आणि परत थाळीत ठेवलं.

"नक्को."

आवाज बऱ्यापैकी मोठा होता. शेजारचं जोडपं बघायला लागलं.

"बाबा, थोडंसं ट्राय करा ना," लेक हळूच म्हणाली.

माझ्याही ओठांवर वाक्य आलं होतं, ह्यांना बरं नाही, राग मानू नका, वगैरे. ते मी गिळलं, कारण शेफ आमच्या दोघींकडे बघतच नव्हता. तो ओट्यावरून वाकून सरळ ह्यांना विचारत होता, "नो?"

हे थांबले. गेल्या वर्षभरात त्यांचं अडणं मी रोज पाहिलं होतं. पण हे तसलं अडणं नव्हतं. हे थांबणं मी कोर्टात पाहिलेलं होतं, लग्नानंतर एकदा मी हट्टाने ह्यांना ऐकायला गेले होते तेव्हा. महत्त्वाचा मुद्दा मांडण्याआधी ते असेच थांबायचे आणि न्यायाधीश मान वर करायचे.

"वास," ते म्हणाले. स्वच्छ मराठीत. आणि शेफला कळावं म्हणून नाकाला बोट लावलं.

शेफ खळखळून हसला. दोन्ही हातांनी थाळी उचलून घेतली आणि तुटक इंग्रजीत सांगितलं की त्याचे वडीलही हे कधी खात नसत, घरात आणूही देत नसत. मग त्याने आगीवर शेकलेल्या माशाला गोडसर रस लावून ह्यांच्यासाठी वेगळा घास वळून दिला. तो खाताना हे हसले. खांदे हलवून हसले.

माझ्या मनात आलं, या वर्षभरात ह्यांनी कशालाच नाही म्हटलं नव्हतं. पेज दिली पेज, गोळी दिली गोळी, मी काढून ठेवीन तो शर्ट. बाहेर जायला तेवढं नाही म्हणत, पण पुढ्यात ठेवलेलं कधी मागे सारलं नव्हतं. नातेवाईक कौतुकाने म्हणायचे की किती शहाण्यासारखे वागतात. त्या शहाणपणापेक्षा मला हा नकार शंभरपट बरा वाटला.

जेवण संपत आलं तेव्हा शेफने एकेकाला विचारायला सुरुवात केली. त्यांच्याकडे रीतच आहे, शेवटी एखादा घास पुन्हा हवा का असं विचारण्याची. मी विचार केला, आता प्रश्न आलाच. कंपनीतल्यांनी सांगितलं, जोडप्याने सांगितलं, लेकीने सांगितलं. शेफ ह्यांच्यासमोर आला. लेकीने मान खाली घातली. मी चहाचा पेला तोंडाला लावला आणि तो तिथेच धरून ठेवला.

"वो," हे म्हणाले. बोटं हवेत फिरली. "वो... चांदी."

शेफला कळलं नाही. लेकीने मान वर करून सांगितलं, "सिल्वर." त्याबरोबर त्याचा चेहरा उजळला. त्याने मागच्या पेटीतून चंदेरी पाठीचा एक मासा काढून दाखवला. हे म्हणाले, "हौ!" शेफने सांगितलं की त्यांच्या भाषेतही अशा माशांना चमकणारे असंच म्हणतात. मग त्याने तो घास वळला, डावीकडे कलता ठेवला, आणि ह्यांनी तो डोळे मिटून खाल्ला.

परतताना टॅक्सीत ते आपणहून बोलायला लागले. शब्द सुटे सुटे येत होते. "नदी... आजा... जाळं." मग बऱ्याच वेळाने, "ऊन." मी जोडून पाहिलं. आजोबांबरोबर नदीवर जायचे, जाळं ओढलं की उन्हात मासे चमकायचे, असंच ना, म्हणून विचारलं. ते म्हणाले, "हौ." लग्नाला इतकी वर्षं झाली, ही आठवण मला त्यांनी कधी सांगितली नव्हती. तोंड धडधाकट होतं तेव्हाही नाही. लेक पुढच्या सीटवर होती. मागे वळून ऐकत राहिली, आणि कधी नव्हे ते तिने मधे एकही शब्द सुचवला नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. एरवी ती मला विचारते, बाबा कसे आहेत, जेवले का, गोळ्या घेतल्या का. त्या दिवशी म्हणाली, "आई, बाबांना दे. रविवारी मी येतेय, काय करायचं ते त्यांनाच विचारते."

मी फोन ह्यांच्या डाव्या हातात दिला आणि गॅलरीत कपडे काढायला गेले. अर्धी दोरी रिकामी झाली. मग आतून ठसक्यात आवाज आला, "मटण." थोडं थांबून, "नक्को, नक्को. हड्डीवालं."