डिसेंबरातही ऊन लागते

आजारी माणसाच्या घरी फळं जमा होतात म्हणतात. आमच्या घरी किस्से जमा झाले! भेटायले येणारा घाबरतच येते, काय बोलावं त्याले सुचत नाही, मग मीच सुरू करतो. आता तर माझी बायको भारती चहा ठेवता ठेवता आतूनच ओरडते, "कांद्यापासून सांगा!"

तर कांद्यापासून.

*

मी विजय. राहतो नागपूरच्या हुडकेश्वरले, नोकरी कळमेश्वरच्या एका कारखान्यात, स्टोअरमध्ये. एका उन्हाळ्यात माझं तोंड अचानक लाल व्हायले लागलं. घाम नाही, ताप नाही. बसल्या जागी कान, गाल, मान भट्टीसारखे तापत अन् थोड्या वेळानं आपोआप उतरत. सोबत पोट कायम बिघडलेलं. आता नागपुरात, मे महिन्यात, माणसाचं तोंड लाल झालं तर कोणी काय म्हणेल? ऊन लागलं! भारती रोज माझ्या खिशात कांदा ठेवायले लागली.

पावसाळा गेला, दिवाळी गेली, तोंड लाल ते लालच. कांदाही सुरूच. डिसेंबरात एका मीटिंगमध्ये रुमाल काढायले गेलो तर कांदा टेबलावरून गडगडत थेट साहेबांच्या लॅपटॉपपाशी! सगळे स्वेटर घालून बसलेले. माझा दोस्त खोब्रागडे म्हणाला, "साहेब, विजूले डिसेंबरातही ऊन लागते!"

सगळे हसून लोटपोट. मीही हसलो. मग बाथरूममध्ये जाऊन आरशात पाहिलं, अन् पहिल्यांदा मले खरंच भीती वाटली.

*

मी आयुष्यात दारूच्या थेंबाले शिवलो नाही. पण लाल तोंड पाहून कोण ऐकते? कारखान्याच्या गेटवर नवा सिक्युरिटीवाला आला. तो रोज मलेच बाजूले घे. "फुंका." मी फुंकलं का मशीन झीरो. "पुन्हा फुंका." पुन्हा झीरो!

काही दिवसांनी त्यानं साहेबांकडे तक्रार केली. माझी नाही गा, मशीनची!

*

डॉक्टरांचं तर विचारूच नका. एकानं अ‍ॅसिडिटी सांगितली, एकानं अ‍ॅलर्जी. एक म्हणाला आतडं नाजूक आहे, एकानं "टेन्शन फार घेता" म्हणून झोपेची गोळी दिली. त्यांचीही चूक नाही म्हणा, हा आजारच चकवणारा. पण इकडं माझं वजन उतरून राहिलं होतं, अन् घर ते कारखाना रस्त्यावरचा हरेक संडास मले पाठ झाला होता.

एक डॉक्टर म्हणाले, "सावजी मटण बंद करा."

"यांनी बंद करून वर्ष झालं," भारती म्हणाली.

डॉक्टरांनी लिहिलेलं खोडलं. "मग थोडं थोडं सुरू करून पाहा!"

*

शेवटी एका डॉक्टर मॅडमसमोर बसलो असताना तोंड लाल झालं. त्यांनी कॉम्प्युटर सोडून माझ्याकडे पाहिलं, पाहतच राहिल्या, अन् एक तपासणी लिहून दिली. तिच्यासाठी केळी, टमाटर, वांगे तीन दिवस आधीपासून बंद. मग पूर्ण दिवस-रात्रीची लघवी एका कॅनमध्ये जमा करायची अन् कॅन थंड ठेवायचा.

नेमकं त्याच दिवशी भारतीच्या मावसबहिणीचं लग्न! जाणं भाग होतं. कॅन बर्फासोबत एका चांगल्या पिशवीत घातला. हॉलमध्ये पिशवी खुर्चीवर ठेवून पाणी प्यायले गेलो, परत येतो तर पिशवी गायब. कोण्या उत्साही मावशीनं ती आहेर समजून स्टेजवर गिफ्टच्या ढिगात नेऊन ठेवली होती! भारती साडी सावरत स्टेजवर चढली, व्हिडिओवाल्याच्या समोर पिशवी उचलली अन् खाली उतरली.

त्या घरात आजही आमची ओळख 'आहेर वापस नेणारे' अशी आहे. आता खरं काय ते त्यायले कोण सांगणार?

*

तपासणीत आकडा वाढलेला निघाला, मग स्कॅन झाला. आतड्यात गाठ, लिव्हरवर ठिपके. मॅडम म्हणाल्या, "हा कॅन्सरच आहे. दुर्मिळ जातीचा आहे, सावकाश वाढतो. ही गाठच रक्तात रसायनं सोडते, त्यानं तोंड लाल होतं. मुंबईला याचे खास डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे जा." बाहेर येऊन मी गाडीची चावी शोधत राहिलो. चावी हातातच होती.

"काही होत नाही," भारती म्हणाली. "चला."

मुंबईच्या दवाखान्यात बाकावर शेजारी एक सोलापूरचे काका बसले होते. तोंड डिट्टो माझ्यासारखं! म्हणाले, "मी घ्यायचो थोडी. घरचे म्हणाले सोडा, सोडली. तरी लाल! आता बायको म्हणते, आधी समोर प्यायचे, आता चोरून पितात." आम्ही दोघं इतके हसलो की सिस्टर बाहेर आली. इतक्या दिवसांत माझ्यासारखं कोणीतरी भेटलं, याचंच मले रडू येऊन राहिलं होतं.

पुढच्या खेपेले मी तेच बाक गाठलं. काका नव्हते. त्याच्या पुढच्या खेपेलेही नाही.

"त्यांची तारीख दुसरी असेल," भारती म्हणाली. "काही होत नाही."

*

आतड्यातली गाठ ऑपरेशननं काढली. लिव्हरवरचे ठिपके आहेत. महिन्याले इंजेक्शन, अधूनमधून स्कॅन. स्कॅन अन् रिपोर्ट यांच्या मधले दिवस फार वाईट. फोन वाजला का भारतीच्या हाती देतो. जेवण जात नाही, नुसता बसून राहतो. भारती मात्र खंबीर.

या एप्रिलमध्ये मुंबईहून स्कॅन करून आलो. रिपोर्ट सोमवारी यायचा होता. शनिवारी आम्ही वर्षाचा गहू घ्यायले गेलो. आमच्याकडे वर्षभराचा गहू उन्हाळ्यातच घेऊन पत्र्याच्या कोठीत भरतात. धान्यवाले शेठ आमच्या लग्नापासूनचे ओळखीचे, पण माझ्या आजाराचं त्यायले काही माहीत नाही.

"वहिनी, दरवर्षीएवढाच ना?"

"नाही," भारती म्हणाली. "या खेपेले अर्धाच द्या."

"अर्धा? काहून?"

"मागचा पडून आहे अजून."

मागचा एक दाणा पडून नव्हता. कोठी मीच सकाळी झाडून-पुसून उन्हात ठेवली होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती पोत्यात हात घालून गहू पाहत होती, मान वर करतच नव्हती.

"शेठ, पूर्ण भरा," मी म्हणालो. "मले भूक लागते."

भारती तिथंच पोत्यावर बसली अन् तोंडाले पदर लावून रडायले लागली. एवढ्या आजारपणात पहिल्यांदा. भर दुकानात, हमालांसमोर, हुंदके देऊन.

शेठ घाबरले, काटा सोडून धावतच आले.

"अरे अरे वहिनी, रडता कशाले! भाव कमी करतो ना!"