लोण्याचा पाव

मुलांनो, बंगळुरात आमच्या शेजारी एक अँग्लो-इंडियन बाई राहायच्या. रविवारी सूपबरोबर त्या लोण्याचा गरम पाव करायच्या. लोण्यात लसूण, कोथिंबीर, पुदिना कालवून ते लांब पावाच्या चिरांत भरायचं आणि पाव शेगडीवरच्या पत्र्याच्या ओव्हनमध्ये ठेवायचा. सुरी मात्र तळापर्यंत जाऊ द्यायची नाही.

“पूर्ण कापलात तर सोपं पडेल की,” मी एकदा म्हटलं.

“छे, अक्का! ज्याचा तुकडा त्याने तोडायचा, दुसऱ्याने पाव धरायचा. भांडलेली पोरंसुद्धा धरतात, बघा!”

त्यांची मुलं एकेक करून ऑस्ट्रेलियाला गेली. शेवटची मुलगी गेली, त्या रविवारी त्यांनी कुंपणाशी येऊन हाक मारली, “अक्का, स्वल्प... जरा इकडे या.” टेबलावर अख्खा पाव होता. मी एक टोक धरलं. त्यांनी तुकडा तोडून बशीत ठेवला, पण तो तसाच निवला.

पुढच्या रविवारी मला बोलावणं आलं नाही. त्यांनी कुंपणावरून झाकलेली बशी दिली. आत सुरीने तळापर्यंत कापलेले सुटे तुकडे होते.

“तुम्ही म्हणाला होतात ना अक्का, सोपं पडेल,” त्या म्हणाल्या. “पडतं.”