रुमालाखाली तेवीस

१४ ऑक्टोबर २०२४, सोमवार. सकाळी ऊन, दुपारनंतर ढग. दूध अर्धा लिटर. घरमालक येऊन गेले. दिवाळी झाली की खोल्या रिकाम्या करून हव्यात म्हणाले. दुपारी मी घर बघायला गेले. काकासाहेबांनी पस्तीस लाख सांगितले. मी तेवीस म्हटले. लोक हसले. गुडघा ठीक.

दैवशालाबाईंनी रोजनिशीत 'लोक हसले' एवढंच लिहिलं. औरंगाबादच्या बोर्डिंगात नन्सनी त्यांना तशीच सवय लावली होती: रोज लिही, खरं लिही, रडगाणं लिहू नको. पण ते हसणं तसं दोन शब्दांत मावणारं नव्हतं.

घर एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गल्लीत होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे ओटा. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला होती आणि ओट्यावर खुर्ची टाकून बसता येण्याएवढी जागा होती. बाईंना तेवढ्यावरच घर आवडलं होतं. आपलं आवडणं त्यांनी तोंडावर दिसू दिलं नाही. या घराचे मालक काकासाहेब, त्यांचा सगळा जन्म बैलांच्या दलालीत गेलेला. ट्रॅक्टर आले, बाजारात बैल कमी झाले, तसा त्यांनी पैसा घरांत घातला. गल्लीत त्यांची ओळीनं तीन घरं होती आणि तिन्ही विकायची होती.

"पस्तीस," काकासाहेब ओट्यावरच्या खुर्चीतून म्हणाले. भोवती त्यांचा मेव्हणा शिवाजी, घर बघायला आलेलं आणखी एक जोडपं, आणि उगाच थांबलेले चारदोन जण. "आक्का, हायवे झाला. आता जालना पयलं जालना राह्यलं न्हाई."

"हायवे गावाबाहेरून गेलाय," बाई म्हणाल्या. "या घराच्या नळाला पाणी कधी येतं?"

"येतंय की."

"कधी येतं?"

"येतंय तव्हा येतंय," शिवाजी म्हणाला.

"आणि बोअर? मागच्या भिंतीला ओल कसली?"

"आक्का, तुम्ही घर घेऊन राह्यल्या का तपासणीला आल्या?" काकासाहेब म्हणाले.

तेव्हा बाईंनी चूक केली. शाळेत उत्तर उभं राहून, मोठ्यानं आणि स्पष्ट द्यायचं असतं, तसं त्यांनी दिलं. "मी तेवीस देईन. सगळे चेकनं."

 काकासाहेबांनी मांडीवर थाप मारली. "तेविसात गोठा येतो, आक्का. त्यो बी बिनाबैलाचा!"

सगळी गल्ली हसली. ते जोडपंही हसलं, आणि शिवाजी तर हसत हसत ओट्यावरून खालीच उतरला. काकासाहेब त्या हसण्यानं आणखी चढले. "उद्या कुणी इचारलं तर छत्तीस सांगीन मी. मागून म्हणू नका."

दैवशालाबाईंनी पर्स काखेत धरली आणि रिक्षा गाठली. पाठ ताठच ठेवली. वय चौऱ्याहत्तर, पण पाठीबद्दल नन्स फार कडक होत्या.

संध्याकाळी हरिओमचा फोन आला. मुलगा आणि सून अर्पिता पुण्याला राहत. "आई, बत्तीसला मान्य करतायत का बघ. सत्तावीस तुझ्याकडे आहेत, वरचे पाच मी टाकतो. नाहीतर सरळ इकडे ये ना. अकराव्या मजल्यावर काय हवा असते! अर्पिता पण तेच म्हणतेय."

"तुझे पाच टाकले की घर माझं राहील का?"

"म्हणजे? तुझंच की."

"पाच लाखाएवढं तुझं राहील. त्या पाच लाखांच्या खोलीत बसून तू मला सांगशील, आई, आता पुरे झालं, विकून टाक."

 बाईंना त्याचा राग नव्हता. तो चांगलाच मुलगा होता, म्हणून तर जपून राहायला हवं होतं.

त्यांच्या नावावर जन्मात घर झालं नव्हतं. लग्नाआधी केदारखेड्याचं घर वडलांचं. लग्नानंतर रामकिसनरावांची बियाण्यांच्या कारखान्यातली नोकरी आणि भाड्याच्या खोल्या. रामकिसनराव घर बांधू, बांधू म्हणत गेले. बँकेतल्या सत्तावीस लाखांतले काही त्यांच्या फंडाचे. बाकीचे माहेरच्या जमिनीचे. आणि ते सहज आलेले नव्हते.

वडील गेल्यावर भावांनी रीतीप्रमाणे बहिणीला जेवायला बोलावलं, साडी नेसवली आणि पानसुपारीच्या ताटाशेजारी हक्कसोडीचा कागद ठेवला. बहिणी त्यावर न वाचता सही करतात. गावातल्या सगळ्या बहिणींनी केलेली होती. दैवशालाबाईंनी चष्मा लावला, कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, घडी घातली आणि परत दिला. "माझा हिस्सा मी सोडत नाही." थोरली वहिनी नंदाबाई तिथंच म्हणाली, "बाई गं, माहेर इकून खायला निघाली का?" पुढे भावांनीच बाईंचा हिस्सा रीतसर किमतीला विकत घेतला. पैसे वेळेवर दिले, पण त्या वर्षापासून भाऊबीजेचं बोलावणं बंद झालं.

असा तो पैसा. त्यातले चार लाख दुखण्याखुपण्याला आणि शेवटाला. कुणापुढं हात पसरायचा नाही. राहिले तेवीस. घर तेविसाचंच आहे असं बाई म्हणत नव्हत्या. ओल, कोरडा बोअर आणि नळाची वाट बघणं धरून ते चोवीस-पंचविसाचं असेल, पस्तिसाचं तर दहा जन्मात नव्हे. पण त्यांच्याकडून त्याला मिळणार होते तेवीस. माहेर तोडून आणलेला पैसा कुणाच्या हायवेच्या गप्पांवर उधळायचा नव्हता.

दोन दिवसांनी त्या पुन्हा त्या गल्लीत गेल्या. या वेळी घराकडे नाही, शेजारच्या अकबरबीकडे. अकबरबी दारातच मेथी निवडत बसली होती. परवा हसणाऱ्यांत ती नव्हती, हे बाईंनी हेरून ठेवलं होतं.

"आओ बाई, बैठो. फिर से आए तुम? अच्छा किए." तिनं चहा टाकला. "पानी का पूछे ना तुम उस दिन? होली के बाद बोअर में कुछ नई. टँकर मंगाना पडता. तेवीस बिलकुल बराबर बोले तुम."

"मग हसले का सगळे?"

अकबरबीनं डोळे मोठे केले. "अरे, सबके सामने बोले ना तुम! उसके और दो घर खडे हैं लाइन में. वो दूसरे गिऱ्हाईक बैठे थे. सबके सामने वो तेवीस कू हां बोला, तो बाकी दो घर कित्ते में जाते? आदमी बुरा नई है. पर बैलवाला है, बाई. बैलवाला दाम कभी मुँह से बोलता क्या?"

बाईंच्या हातातला कप बशीवर टेकला.

त्यांना बाजार आठवला. त्या आठ-नऊ वर्षांच्या असतील, वडलांबरोबर बैलगाडीत बसून गेलेल्या. वडील आणि दलाल समोरासमोर उभे, दोघांच्या हातांवर एक उपरणं, बाजाराच्या भाषेत रुमाल. उपरण्याखाली बोटं बोलायची. आधी दहे, मग सुटे. दोन बोटं दाबली की वीस, मग तीन दाबली की तेवीस. पाचाला सगळा पंजा, आठाला पंजा आणि वर तीन बोटं, शून्याला मूठ. वरती तोंडं मात्र पावसाबद्दल, पोराबाळांबद्दल बोलत राहायची. भोवती शंभर माणसं असली तरी भाव दोघांतच राहायचा. कोण किती उतरला हे कुणाला कळत नसे, म्हणून तिथं माणसाला उतरताही येई. घरी आल्यावर आईनं विचारलं, बैल कितीला पडला? वडील म्हणाले, "रुमालाला इचार."

"काकासाहेब बाजाराला अजून जातात?" बाईंनी विचारलं.

"जातेच तो. आदत है. बैल रहो, न रहो."

बाजाराच्या दिवशी दैवशालाबाईंनी धुवट पांढरं लुगडं नेसलं, पर्समध्ये इस्त्रीचा एक नॅपकिन ठेवला आणि रिक्षावाल्याला बैलबाजार सांगितला. त्यानं दोनदा विचारलं, "बैलबाजार? मावशी, भाजीबाजार म्हणता का?"

"बैल," बाई म्हणाल्या.

बाजार पूर्वीच्या मानानं उजाडच होता. तरी दावणीला बऱ्यापैकी जोड्या होत्या, आणि लिंबाखाली काकासाहेब, खांद्यावर टॉवेल, भोवती चार माणसं. शिवाजीनं बाईंना आधी पाहिलं.

"आरं, गोठा घ्यायला आक्का आल्या बघा!"

"आधी गोठा, मग बैल," बाई म्हणाल्या. "काकासाहेब, तुमचा भाव मी ऐकला, माझा तुम्ही ऐकला. तोंडाचं झालं. आता हाताचं करू." आणि त्यांनी नॅपकिन उलगडून उजव्या हातावर टाकला.

काकासाहेबांचं हसू अर्ध्यावर थांबलं. "आक्का, काय करून राह्यल्या? बाईमाणसाचा हात रुमालाखाली... लोक काय म्हणतील?"

"कासार जन्मभर बाईमाणसाचा हात धरून बांगड्या भरतो. त्याला लोक काय म्हणतात?"

मागून कुणीतरी खिक् केलं. काकासाहेबांनी तिकडं डोळे वटारले. मग नॅपकिनकडं बघून म्हणाले, "ह्यो लहान हाय. माझा टॉवेल घ्या."

"तुमच्या टॉवेलला बैलाचा वास येतो. यात हात मावेल. चोरटा नसला तर."

आता माघार घेतली तर बाजार हसणार, या वेळी बाईंना नाही, त्यांना. काकासाहेबांनी हात आत घातला. राकट, पण कोरडा आणि नीट हात. कासारासारखाच, बाईंना वाटलं.

"यंदा कापूस काय म्हणतोय तुमच्याकडं?" काकासाहेब वरून म्हणाले. खाली तीन बोटं दाबली, मग मूठ. तीस. पहिल्याच दाबात पाच उतरले होते.

"भिजला म्हणतात." बाईंनी दोन बोटं दाबली, मग तीन.

"भिजला म्हंजी पार गेला." दोन. पंजा आणि तीन. अठ्ठावीस.

"गेलाच." दोन, तीन.

"पोरगं पुण्याला असतं ना तुमचं? चांगलं हाय?"

"चांगलं आहे. बोलावतंय." दोन, तीन.

"मंग जावा की!" सव्वीस.

"नाही जायचं." दोन, तीन.

भोवतीची माणसं जवळ सरकली होती. कुणाला काही दिसत नव्हतं, तरी सगळे नॅपकिनकडेच बघत होते. काकासाहेबांच्या कपाळाला घाम आला. त्यांनी पंचवीस दाबले आणि हात तसाच धरून ठेवला, बराच वेळ. बाईंच्या मनात आलं, दोन लाखच तर आहेत. दुखण्याच्या चारातले दोन. दिवाळीनंतर खोल्या नाहीत. अकराव्या मजल्यावर आपली खाट कुठल्या भिंतीला लागेल, हेही त्यांना लख्ख दिसलं. गुडघ्यातून एक कळ गेली. त्या हलल्या नाहीत.

दोन. तीन.

काकासाहेब वाकले आणि हळूच म्हणाले, "आक्का, एक बोट तरी वर सरकवा. एकच."

"सांधेदुखी आहे," बाई तितक्याच हळू म्हणाल्या. "सरकत नाही."

काकासाहेबांनी त्यांच्याकडं नीट पाहिलं, बहुतेक पहिल्यांदाच. मग बाजाराकडं पाहिलं, शिवाजीकडं पाहिलं, आणि नॅपकिनखाली दोन बोटं दाबली. थांबले. मग तीन.

"गच्चीवरची टाकी माझी," तोंडानं म्हणाले. "काढून नेईन."

"न्या. तिला भेगच आहे."

काकासाहेबांनी हात बाहेर काढून टाळी दिली, बैलाचा सौदा झाल्यावर देतात तशी, खणखणीत. "झाला!" ते सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले. "घर आक्काचं!"

"कितीला दाजी?" शिवाजी पुढं आला. "पस्तीस का? का छत्तीस?"

काकासाहेब टॉवेल झटकत दावणीकडं वळले. उत्तर बाईंनी दिलं. "रुमालाला विचारा."

"पस्तीसच!" शिवाजी बाकीच्यांकडं वळून म्हणाला. "नसता दाजी हो म्हन्ले असते व्हय? म्हातारीला घातलं बराबर."

बाईंना ते ऐकू गेलं. आता गल्ली हेच म्हणणार: शिकलेली बाई, पण फसली. भाजीवाला म्हणेल, शेजारीण म्हणेल, केदारखेड्याला नंदाबाईपर्यंत पोचलं तर ती तर पोटभर म्हणेल. एका शब्दानं सगळ्यांची तोंडं बंद करता आली असती. तो शब्द त्यांचा नव्हता. रुमालाखाली दिलेला होता. म्हणोत बापडे. घरात राहायचं होतं त्यांना, गल्लीच्या तोंडात नाही.

त्यांनी नॅपकिनची घडी घातली, इसाराचा चेक लिंबाच्या बुंध्याला टेकून लिहिला, काकासाहेबांकडून पावतीच्या रेव्हेन्यू तिकिटावर सही घेतली. रिक्षापर्यंत काकासाहेब स्वतः सोडायला आले. "आक्का," ते म्हणाले, "तुमचे वडील बाजारात होते का हो?"

"शेतकरी होते."

"मंग त्यांना बैल इकलेला दलाल बुडाला असंल," काकासाहेब म्हणाले, आणि मनापासून हसले.

रात्री हरिओमचा फोन आला तेव्हा बाई भाकरी थापत होत्या. फोन ताटलीला टेकवून ठेवला.

"आई, खरंच घेतलंस? कितीला?"

"परवडलं तेवढ्याला."

"पस्तीस नाही ना दिलेस? आई, सांग ना."

"खरेदीखत होईल तेव्हा साक्षीदार म्हणून सही करायला ये. वाच आणि मग सही कर. न वाचता करायची नाही."

"आणि माझे पाच?"

"अर्पिताला पडदे घे. अकराव्या मजल्यावर ऊन फार असेल." पलीकडे हरिओम हसला की चिडला ते कळलं नाही. भाकरी फुगली होती. त्यांनी फोन ठेवला.

जेवण झालं, भांडी झाली. मग त्यांनी रोजनिशी उघडली, तारीख टाकली, हवा लिहिली, रिक्षाचे जाण्यायेण्याचे पैसे लिहिले. घराचा सौदा झाला, इसार दिला, असं लिहिलं आणि जरा थांबून पुढची ओळ लिहिली:

ज्वारी दळून आणली, पाच किलो. पीठ जाडसर निघाले.